एमेटच्या ओंडक्यावर कर्जरोखे : डब्लिनमध्ये जॉन मॅकडोना यांच्या मागावर

डब्लिनच्या दक्षिणेला रॅथफार्नम नावाचे उपनगर आहे. शहराच्या मध्यातून दुमजली बसने तिथे पोचायला मला पाऊण तास लागला आणि त्यातला बराचसा वेळ खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी पाहण्यात गेला. जून उजाडला तरी तिथला पाऊस आपल्या श्रावणासारखा, मनाला येईल तेव्हा येतो आणि मनाला येईल तेव्हा जातो. रॅथफार्नमच्या सेंट एन्डाज पार्कमध्ये अठराव्या शतकातले एक दगडी घर आहे आणि त्या घरात पिअर्स संग्रहालय आहे. तिथे येणारे बहुतेक लोक पॅट्रिक पिअर्स यांच्यासाठी येतात. ते रास्तच आहे, कारण ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावाचा जाहीरनामा ज्यांनी डब्लिनच्या पोस्टासमोर वाचला, त्या पिअर्स यांची शाळा याच घरात भरत असे. मी ज्यांच्यासाठी गेलो होतो त्यांचे नाव मात्र तिथल्या फाटकावर नाही. जॉन मॅकडोना या मूकपटांच्या काळातल्या दिग्दर्शकाचे नाव माझ्या भाचीने, डब्लिनमध्ये सहा वर्षे नोकरी करूनही, कधी ऐकलेले नव्हते.

मलाही ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. डब्लिनला पोचल्यावर पहिल्या दोन रात्री झोप येईना, तेव्हा भाचीच्या लॅपटॉपवर मी जुन्या आयरिश मूकपटांचे तुकडे पाहत बसलो होतो. त्यात सहा-सात मिनिटांची एक फिल्म लागली. एका मोठ्या घराच्या दारात एक धिप्पाड, हसरा तरुण बसला आहे, शेजारी त्याचा सहकारी आहे, समोर लाकडाचा एक जाड ठोकळा मेजासारखा मांडला आहे, आणि एकामागून एक माणसे पुढे येऊन कागद घेऊन जात आहेत. मी तीस वर्षे राज्य नाट्यस्पर्धेतल्या हौशी संघांची प्रॉपर्टी सांभाळली आहे. त्यामुळे माझी नजर माणसाच्या आधी वस्तूवर जाते. बाकी सगळे कागदपत्रांचे काम चाललेले असताना तिथे साधे टेबल का नाही, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला. त्याचे उत्तर शोधता शोधता पहाट झाली आणि माझ्या सहलीचा बेतच बदलला.

तो हसरा तरुण म्हणजे आयरिश स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी मायकेल कॉलिन्स. शेजारी बसलेले डिअर्मिड ओहेगर्टी. ते कागद म्हणजे कर्जरोखे. आणि तो ठोकळा म्हणजे रॉबर्ट एमेट यांचे शिर ज्यावर कापले गेले, असे मानले जाते तो ओंडका.

एमेट यांची गोष्ट आयर्लंडमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असते. 1803 मध्ये त्यांनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला, तो काही तासांत फसला, आणि 20 सप्टेंबरला डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवर, सेंट कॅथरिन्स चर्चसमोर, त्यांना आधी फाशी देऊन मग त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. ज्या सारा करन यांच्यावर त्यांचे प्रेम होते त्यांचे घर रॅथफार्नमलाच होते. पिअर्स यांनी 1910 मध्ये आपली शाळा रॅनलाहून इथे हलवली, त्यामागे या परिसरातल्या एमेट यांच्या आठवणींची ओढ होतीच. बागेतल्या एका वाटेला आजही एमेट यांचे नाव आहे. तो ओंडकाही पिअर्स यांनी शाळेत आणून ठेवला होता.

संग्रहालयात तो ओंडका मी जवळून पाहिला. लाकूड जाड, काळपट, कडा झिजलेल्या. खाटकाच्या दुकानातला ठोकळा ज्याने पाहिला आहे त्याला त्यात काही नवल वाटणार नाही, आणि मला वाटते त्यातच त्याचे सगळे भय आहे. मी खाली वाकून पाहत राहिलो तेव्हा तिथल्या वयस्क कर्मचारी बाईंनी माझ्याकडे थोड्या काळजीने पाहिले. मी त्यांना विचारले, की कर्जरोख्यांच्या फिल्ममधला ठोकळा हाच ना. त्यांचा चेहरा उजळला. मग त्या मला बाहेर घेऊन गेल्या आणि ग्रॅनाइटच्या खांबांसमोरच्या पायऱ्या दाखवून म्हणाल्या, की इथेच. पाऊस थांबला होता. पायऱ्या ओल्या होत्या. मी त्यांच्या समोरच्या गवतावर मागे मागे सरकत गेलो, कॅमेरा कुठे लावला असेल त्याचा अंदाज घेत, आणि बाई दारात उभ्या राहून माझा हा उद्योग शांतपणे पाहत राहिल्या.

1919 साली ती फिल्म करणारे दिग्दर्शक होते जॉन मॅकडोना. निवडून आलेल्या शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाच्या प्रतिनिधींनी त्या वर्षी जानेवारीत लंडनच्या पार्लमेंटमध्ये जाण्याचे नाकारून डब्लिनमध्येच स्वतःची संसद, डॉल एरन, भरवली होती. संसद झाली, मंत्री झाले, पण तिजोरीत पैसा नव्हता. अर्थमंत्री कॉलिन्स यांनी जनतेकडून कर्ज उभे करायचे ठरवले आणि देशातून अडीच लाख पौंड गोळा करण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रजासत्ताकाला मान्यता मिळाल्यावर पैसे परत मिळतील, असे सांगणारे रोखे विकायचे होते. म्हणजे जे राज्य अजून जगात कोणी मानत नव्हते, त्याच्या भरवशावर शेतकऱ्याने आणि दुकानदाराने गाठीचा पैसा काढून द्यायचा होता. वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी तर सरकार ते वर्तमानपत्रच बंद पाडत होते. अशा वेळी जाहिरातीसाठी चित्रपट वापरण्याची कल्पना पुढे आली आणि ती राबवायला योग्य माणूस, योग्य कॅमेरा आणि योग्य जागा हे तिन्ही सेंट एन्डाजच्या आवारात आयतेच हजर होते, कारण मॅकडोना त्या सुमारास तिथे एका मोठ्या चित्रपटाचे चित्रीकरण करत होते.

आता त्या रांगेत कोण कोण आहे ते पाहा. रोखा घ्यायला पुढे येतात त्यांत पिअर्स यांच्या आई मार्गारेट आहेत. त्यांच्या दोन्ही मुलांना 1916 च्या मे महिन्यात लागोपाठच्या दोन दिवशी गोळ्या घालण्यात आल्या. कॅथलीन क्लार्क आहेत. त्यांचे पती टॉम क्लार्क 3 मे रोजी गेले आणि भाऊ नेड डाली 4 मे रोजी. ग्रेस गिफर्ड आहेत. किलमेनहॅम तुरुंगाच्या प्रार्थनागृहात त्यांचे उठावाचे एक नेते जोसेफ प्लंकेट यांच्याशी लग्न लागले आणि काही तासांत प्लंकेट यांना मारण्यात आले. आर्थर ग्रिफिथ यांच्यासारखे पुढारीही आहेत, पण या तीन स्त्रिया एकामागून एक त्या ओंडक्याशी येतात तेव्हा फिल्ममध्ये दुसरे काही सांगण्याची गरज उरत नाही. एकही रडत नाही. कॉलिन्स हसून कागद देतात, त्या घेतात आणि बाजूला होतात. टेबलाऐवजी ओंडका मांडण्याची कल्पना नेमकी कोणाच्या डोक्यातून निघाली हे माझ्यापुरते गौण आहे. ती नजर नाटकवाल्याची आहे, एवढे मी माझ्या तीस वर्षांच्या हमालीच्या बळावर सांगू शकतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या लाकडावर एक बंडखोर संपवला, त्याच लाकडावर नव्या राज्याचा हिशेब सुरू करणे, आणि तेही एक अक्षर न बोलता, हे रंगमंचावर वस्तू कशी बोलते ते ठाऊक असलेल्यालाच जमते.

फिल्म झाली, तरी ती दाखवणार कोण? कोणत्याही थिएटर मालकाची तेवढी छाती नव्हती. मॅकडोना यांनीच पुढे दिलेल्या साक्षीत त्यावरची युक्ती सांगितली आहे. स्वयंसेवकांची एक टोळी वेगवान मोटारीतून थिएटरवर येई, थेट ऑपरेटरच्या खोलीत घुसे, पिस्तूल रोखून चालू असलेले रीळ उतरवायला लावी आणि आपले रीळ चढवायला लावी. प्रेक्षक कॉलिन्सना पडद्यावर पाहत, टाळ्या पडत, आणि पोलीस किंवा लष्कर येईपर्यंत टोळी रीळ काखोटीला मारून पसार झालेली असे. बिचाऱ्या ऑपरेटरला ‘माझ्या कपाळावर पिस्तूल होते’ असे सांगण्याची सोयही त्यातच होती. कर्जाला आयर्लंडमधून साडेतीन लाख पौंडांहून अधिक प्रतिसाद मिळाला. त्यातले किती या फिल्ममुळे आले याचा हिशेब कोणाला करता येणार नाही, परंतु पुढे स्वतंत्र राज्याने हे रोखे फेडण्यासाठी 1924 मध्ये कायदा केला, म्हणजे ओंडक्यावर दिलेला शब्द पाळला गेला.

दुसऱ्या दिवशी भाचीला सुटी होती. ती म्हणाली, ‘‘मामा, तू संग्रहालये कर, मी तुला बिस्किटांच्या कारखान्याला नेते.’’ तिला वाटले होते की माझी गंमत होईल, पण बिशप स्ट्रीटवरचा जेकब्ज बिस्किटांचा कारखाना माझ्या यादीत आधीपासूनच होता. कारखाना आता तिथे नाही. 1970 च्या दशकात तो शहराबाहेर टॅला भागात गेला आणि त्या जागेच्या एका भागात आज आयर्लंडचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. ज्या जागी बंडखोरांनी आठवडाभर ठाण मांडले तिथेच आता राज्याची दप्तरे राहतात, आणि दारात सुरक्षारक्षक आपली पिशवी कुलूपबंद कपाटात ठेवायला सांगतो.

24 एप्रिल 1916 रोजी, ईस्टर सोमवारी, या कारखान्याचा ताबा घेणाऱ्या तुकडीचे सेनापती होते थॉमस मॅकडोना. जॉन यांच्याहून ते दोन वर्षांनी मोठे. कवी, नाटककार, पिअर्स यांच्या शाळेतले पहिले सहकारी आणि नंतर विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक. जाहीरनाम्यावरच्या सात सह्यांपैकी एक त्यांची आहे. जॉन त्यांच्या हाताखाली लढायला आले होते. या तुकडीत अजून एक विलक्षण माणूस अचानक सामील झाला. मेजर जॉन मॅकब्राइड त्या दिवशी शहरात आले होते ते भावाला भेटायला, कारण भावाचे लग्न होते. रस्त्यात गणवेशातले स्वयंसेवक दिसले आणि ते अंगावरच्या साध्या कपड्यांतच त्यांच्यासोबत निघाले. 5 मे रोजी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

उठावाचे मुख्य ठाणे असलेल्या पोस्टासारखी धुमश्चक्री जेकब्जमध्ये झाली नाही. उंच मनोऱ्यांवरून नेमबाज शहरभर नजर ठेवून होते, रस्त्यावर ब्रिटिश सैन्यात नवरे असलेल्या बायका बंडखोरांना शिव्यांची लाखोली वाहत होत्या आणि आत जेवायला होता बिस्किटांचा आणि केकचा डोंगर. पहिल्या दिवशी चंगळ झाली. नंतर गोडाचा इतका वीट आला, की साधा पावाचा तुकडा मिळाला तर बरे असे वाटू लागले, असे त्या तुकडीतल्या अनेकांनी लिहून ठेवले आहे. युद्धाच्या कथांमध्ये मला असले तपशील फार विश्वासार्ह वाटतात. शौर्य कोणीही रंगवून सांगू शकतो, पण क्रांती करताना केकचा कंटाळा आला, हे तिथे असल्याशिवाय सुचत नाही.

रविवारी 30 एप्रिलला कॅपुचिन पंथाचे दोन धर्मगुरू शरणागतीचा निरोप घेऊन आले. थॉमस यांचा आधी विश्वास बसेना. सेंट पॅट्रिक्स पार्कजवळ ब्रिटिश सैन्याचे जनरल लो यांना भेटून ते परत आले आणि आपल्या माणसांना शस्त्रे खाली ठेवायला सांगताना त्यांना रडू आवरले नाही. तीन दिवसांनी, 3 मे रोजी पहाटे, किलमेनहॅमच्या दगडफोडीच्या अंगणात त्यांना उभे करण्यात आले. पत्नी म्युरिएल यांना त्यांची शेवटची भेटही मिळाली नाही. म्युरिएल या ग्रेस गिफर्ड यांच्या सख्ख्या बहीण. म्हणजे तीन वर्षांनी जॉन कॅमेऱ्यामागे उभे राहून ज्या ग्रेसना रोख्याच्या रांगेत चालत यायला सांगत होते, त्या त्यांच्या वहिनीच्या बहीण होत्या. आणि वहिनी तोवर 1917 च्या उन्हाळ्यात स्केरीजच्या समुद्रात पोहताना वारल्या होत्या. हे कळल्यावर मी ती फिल्म पुन्हा पाहिली. त्या दृश्यात घरचे माणूस घरच्या माणसाचे चित्र काढत आहे, याची खूण पडद्यावर कुठेही नाही.

जॉन यांना ब्रिटनमध्ये स्थानबद्धतेत पाठवण्यात आले आणि तिथून सुटून ते पुन्हा डब्लिनला आले. परत आले ते थेट नाटकाकडे.

ते नाटकघर शोधायला आम्ही नदी ओलांडून उत्तरेकडे, हार्डविक स्ट्रीटवर गेलो. 1914 मध्ये एडवर्ड मार्टिन, थॉमस मॅकडोना आणि जोसेफ प्लंकेट या तिघांनी तिथे आयरिश थिएटर सुरू केले होते. जागा प्लंकेट यांच्या आईची होती. ॲबी थिएटरमध्ये खेड्यातल्या शेतकऱ्यांची नाटके रंगत असताना या मंडळींना शहरी जीवनावरची नाटके, आयरिश भाषेतली नाटके आणि युरोपातल्या मोठ्या नाटककारांची भाषांतरे करायची होती. जॉन गाण्याचे शिक्षण घेतलेले, अमेरिकेच्या रंगभूमीवर वावरून आलेले. तालमी घेणे, दिग्दर्शन करणे, व्यवस्था पाहणे हे सगळे त्यांच्याकडे आले, शिवाय ते स्वतः छोटी विनोदी नाटके लिहीत. चेकॉवचे ‘अंकल वान्या’ त्यांनी तिथे 1915 मध्येच उभे केले. आज चेकॉव करणे म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट आहे. त्या काळी डब्लिनच्या एका गल्लीत, अपुऱ्या पैशात, हौशी नटांना घेऊन ते करणे म्हणजे काय असते ते ज्यांनी हौशी नाटक केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. या थिएटरच्या तीन संस्थापकांपैकी दोघांना ब्रिटिश सरकारने गोळ्या घातल्या. तरीही जॉन आणि वृद्ध मार्टिन यांनी ते 1920 पर्यंत रेटले.

आज त्या रस्त्यावर महापालिकेने बांधलेल्या चाळीवजा इमारती आहेत, गच्च्यांवर कपडे वाळत घातलेले असतात आणि टोकाला सेंट जॉर्जेस चर्चचा उंच मनोरा आहे. नाटकघराची खूण मला सापडली नाही. एका कट्ट्यावर बसलेल्या मुलांना भाचीने विचारले, तर त्यांनी आम्हाला मोठ्या रस्त्यावरच्या नव्या थिएटरची दिशा दाखवली.

तिसरा दिवस मी क्लोजॉर्डनसाठी राखून ठेवला होता. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गाडी पकडायची, बॅलीब्रॉफी नावाच्या, गावापेक्षा फलाटच मोठा वाटणाऱ्या ठिकाणी उतरायचे आणि तिथून लिमरिककडे जाणारी दोन डब्यांची गाडी पकडायची. दिवसातून मोजक्याच गाड्या आहेत, त्यामुळे एक चुकली तर दिवस गेला. माझी चुकली नाही, पण डब्यात मी धरून चार माणसे होतो आणि गाडी इतक्या सावकाश जात होती, की कुरणातल्या गायी मान वळवून आमच्याकडे बघायच्या.

क्लोजॉर्डन हे टिपेररी परगण्यातले रुंद रस्त्याचे, नीटस गाव आहे. मॅकडोना भावंडांचे आईवडील इथे शाळेत शिक्षक होते. थॉमस 1878 मध्ये, जॉन 1880 मध्ये जन्मले. जोसेफ हे धाकटे भाऊ पुढे याच भागातून डॉल एरनवर निवडून गेले. गावात थॉमस मॅकडोना यांच्या नावाने वारसा केंद्र आणि ग्रंथालय आहे, किल्केनीच्या रेल्वे स्टेशनला थॉमस यांचेच नाव आहे. वारसा केंद्रात कवितांच्या वह्या, छायाचित्रे, पत्रे मांडली आहेत आणि ती पाहताना मन भरून येते. जॉन यांना शोधायला मात्र कुटुंबाच्या छायाचित्रांतून वाट काढावी लागते. हुतात्म्याच्या जिवंत राहिलेल्या भावाला इतिहासात फारशी जागा मिळत नाही, हे मी कोणाला दोष द्यायला म्हणत नाही. आपल्याकडेही चापेकरांच्या वाड्यात गेल्यावर मागे उरलेल्यांविषयी आपण किती विचारतो? केंद्रातल्या तरुण ग्रंथपालाला मी जॉन यांच्याविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘चित्रपटवाले? त्यांच्यासाठी कोणी आलेले मी पहिल्यांदाच पाहतो आहे,’’ आणि त्याने मला चहा दिला. परतीच्या गाडीला अडीच तास होते, म्हणून मी तो दोनदा घेतला.

त्या अडीच तासांत, ग्रंथालयाच्या खिडकीशी बसून, मी त्यांचा मोठा चित्रपट फोनवर पाहिला. फिल्म कंपनी ऑफ आयर्लंड ही संस्था जेम्स मार्क सलिव्हन आणि हेन्री फिट्झगिबन यांनी 1916 मध्ये स्थापन केली होती आणि हेन्री स्ट्रीटवरचे तिचे पहिले कार्यालय उठावाच्या आगीत खाक झाले होते. तिच्यासाठी मॅकडोना यांनी सेंट एन्डाजच्या आवारात जे चित्रीकरण केले, तो ‘विली रायली अँड हिज कोलीन बॉन’ हा चित्रपट 1920 मध्ये पडद्यावर आला. मूळ कादंबरी विल्यम कार्लटन यांची. काळ अठराव्या शतकाचा. कॅथलिकांवर जाचक कायदे लादलेले आहेत, आणि कॅथलिक तरुण विली रायली एका प्रॉटेस्टंट जमीनदाराच्या हेलन नावाच्या मुलीवर प्रेम करतो. खलनायक सरदार कायद्याचा आधार घेऊन विलीच्या मागे लागतो. यात प्रॉटेस्टंट माणसे वाईट नाहीत. चांगल्या प्रॉटेस्टंटांच्या मदतीनेच विली वाचतो, आणि वाईट आहे तो अन्यायी कायदा. 1920 साली, एकीकडे गनिमी युद्ध पेटलेले आणि दुसरीकडे देशाची धर्मावर फाळणी होऊ घातलेली असताना ही गोष्ट काय सांगत होती, हे प्रेक्षकाला फोड करून सांगावे लागत नसणार. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कीचक कोण आणि सैरंध्री कोण हे मराठी प्रेक्षकाने ओळखले होते, आणि सरकारनेही ओळखले म्हणून 1910 मध्ये त्यावर बंदी आली. मॅकडोना यांचा चित्रपट त्या मानाने सौम्य आहे. खरे सांगायचे तर मधला भाग बराच लांबला आहे आणि दरोडेखोराचे काम करणारा नट डोळे फार वटारतो. पण झाडांखालून घोडे येतात तेव्हा मला ती झाडे ओळखू येत होती. दोन दिवसांपूर्वी मी त्यांच्याखाली पावसापासून आडोशाला उभा राहिलो होतो.

स्वातंत्र्याच्या तहानंतर यादवी पेटली. ओंडक्यामागे हसत बसलेले कॉलिन्स आणि रोखा घेणारे ग्रिफिथ हे दोघेही 1922 च्या ऑगस्टमध्ये दहा दिवसांच्या अंतराने गेले. ग्रिफिथ आजाराने आणि कॉलिन्स आयरिश माणसाच्याच गोळीने. जोसेफ मॅकडोना तहाच्या विरोधात होते. तुरुंगवासातल्या आजारपणानंतर ते त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी वारले. थोरल्या भावाला परक्या सरकारने मारले आणि धाकटा भाऊ स्वकीयांच्या कैदेने गेला. त्याच 1922 सालात जॉन मॅकडोना यांनी तीन विनोदी चित्रपट केले. मला याचा आधी धक्का बसला. नंतर वाटले, की दोन तिरड्यांच्या मध्ये विनोदी चित्रपट करणाऱ्या माणसाविषयी मत बनवायला आपण त्याच्या जागी असायला हवे.

त्यांच्या नाटकांपैकी ‘द आयरिश ज्यू’ हे मला सर्वांत धीट वाटते. 1921 मध्ये डेम स्ट्रीटवरच्या एम्पायर थिएटरात ते लागले. डब्लिनच्या महापौरपदी एक ज्यू माणूस बसतो आणि महापालिकेतल्या भ्रष्ट नगरसेवकांची भंबेरी उडवतो, असे त्याचे कथानक आहे. स्वातंत्र्य दारात उभे असताना आपलेच होऊ घातलेले राज्यकर्ते कसे वागतील याची टर उडवायला एका क्रांतिकारकाने वेळ काढला, ही गोष्ट मला ओंडक्याइतकीच मोलाची वाटते. पस्तीस वर्षांनी, 1956 मध्ये, रॉबर्ट ब्रिस्को हे ज्यू गृहस्थ, स्वतः जुने क्रांतिकारक, खरोखर डब्लिनचे महापौर झाले, आणि ते पाहायला जॉन मॅकडोना हयात होते. थिएटर आज ऑलिम्पिया या नावाने उभे आहे. दारावरची रंगीत काचेची छत्री अजून दिमाखदार आहे आणि आम्ही गेलो त्या संध्याकाळी तिच्याखाली कुठल्याशा पॉप गायिकेसाठी तरुण मुलींची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती.

शेवटच्या दिवशी ओकॉनल स्ट्रीटवरच्या पोस्टात गेलो. या इमारतीत शंभर वर्षांपूर्वी काय घडले ते सांगणारे फलक, पुतळे आणि प्रदर्शन सगळे आहे. बाहेरच्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा दाखवायला मार्गदर्शक थांबतात आणि पर्यटक त्या खाचांत बोट घालून पाहतात. मीही घातले. पोस्ट उठावात जळाले आणि 1920 च्या दशकात पुन्हा बांधले गेले. त्यात हेन्री स्ट्रीटच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, सरकारी नभोवाणीचे स्टुडिओ थाटण्यात आले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात जॉन मॅकडोना यांनी रेडिओ एरनमध्ये कार्यक्रमांच्या निर्मितीचे प्रमुख म्हणून नोकरी केली. ज्या इमारतीसमोर थोरल्या भावाची सही असलेला जाहीरनामा वाचला गेला आणि ज्या रस्त्यावर त्यांच्या फिल्म कंपनीचे पहिले कार्यालय जळाले, तिथे हा माणूस नभोनाट्यांच्या तालमी घ्यायला जात असे. 1961 मध्ये ते वारले. त्यांनी सैन्याच्या इतिहास विभागाला दिलेली साक्ष इतरांच्या साक्षींबरोबर कुलपात राहिली आणि 2003 मध्ये खुली झाली. ओंडक्याची आणि पिस्तूल रोखून रीळ बदलण्याची हकीकत तीत त्यांच्याच शब्दांत आहे.

हेन्री स्ट्रीटला वळल्यावर पोस्टाच्या त्या बाजूला आता दुकाने आहेत. मी मान वर करून खिडक्या मोजत होतो, तेवढ्यात एक फळवाली बाई हातगाडी ढकलत आली आणि तिने मला बाजूला व्हायला सांगितले. भाची म्हणाली, ‘‘मामा, काय बघतोयस वर?’’ मी म्हटले, तालमीची जागा. तिने एक वाटी स्ट्रॉबेरी घेतल्या आणि आम्ही त्या खात खात बसच्या थांब्याकडे निघालो.